अबुकीरचे प्लग

दोन स्ट्रोकच्या स्कूटरचा जमाना ज्यांनी पाहिला, त्यांना प्लग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. क्रांती चौकाच्या सिग्नलला स्कूटर बंद पडायची. किका मारून पोटरी भरून यायची. मग ढकलत कडेला घ्यायची, पाना लावायचा, प्लग काढायचा. टोकावर काजळी आणि तेलाचा चिकट थर. पॉलिश पेपरनं घासायचा, फुंकर मारायची, परत बसवायचा. तरी नाही उठली तर डिकीतल्या फडक्यात गुंडाळलेला जादा प्लग. माझे वडील असे दोन बाळगत. दुसरा कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ‘‘तो आपला नाही,’’ एवढंच म्हणाले. त्याचा अर्थ कळायला त्यांच्या मागे बसून जालना रोडच्या बऱ्याच फेऱ्या माराव्या लागल्या.

हा दुसरा प्लग मला पुढे भेटला तो इजिप्तच्या किनाऱ्यावर.

अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर नावाचं गाव आहे. १७९८ मध्ये नेल्सननं फ्रेंच आरमाराची राखरांगोळी केली ती खाडी इथलीच. १९३० मध्ये तिथे ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. त्या मे महिन्यात कराचीहून आलेलं एक जिप्सी मॉथ तिथे उतरलं. चालक होते पंचवीस वर्षांचे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे जेआरडी. तळावर आणखी एक जिप्सी मॉथ उभं होतं आणि त्याच्या मालकाचा चेहरा पडलेला होता. हा अस्पी इंजिनिअर, वय वर्षं सतरा. लंडनजवळच्या क्रॉयडनहून निघून तो कराचीकडे चालला होता. प्लग खराब झाले होते आणि जादा प्लग त्यानं बरोबर घेतलेच नव्हते.

दोघं एकाच बक्षिसाच्या मागे होते. आगाखानांनी १९२९ च्या अखेरीस ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं होतं: इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, एकट्यानं विमान चालवत, निघाल्यापासून एका महिन्याच्या आत पोचेल त्या पहिल्या भारतीयाला. कुठल्या टोकाकडून निघायचं याची मोकळीक होती. म्हणून एक पश्चिमेकडे निघाला, दुसरा पूर्वेकडे, आणि अर्ध्या वाटेवर गाठ पडली.

जेआरडींच्या सामानात जादा प्लग होते. त्यांतले त्यांनी अस्पीला काढून दिले. अस्पीनं त्यांना आपलं जीवरक्षक जाकीट दिलं, कारण त्याचा भूमध्य समुद्र मागे पडला होता आणि जेआरडींचा पुढे होता. इराणचं आखात अस्पीला अजून ओलांडायचं होतं, ही गोष्ट मात्र सांगणारे सहसा विसरतात.

या देवघेवीची कथा खिलाडूवृत्तीचा नमुना म्हणून अनेकदा सांगितली गेली आहे. खिलाडूवृत्ती होतीच. पण ज्यानं कधी रस्त्यावर बंद पडलेली गाडी पाहिली आहे त्याला तिच्यात आणखी काही दिसेल. जिप्सी मॉथचं इंजिन चार सिलिंडरचं, साधारण १०० अश्वशक्तीचं. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन वेगळ्या मॅग्नेटोंवर चालणारे, म्हणजे एक बाजू मेली तरी दुसरी इंजिन ओढत राहील. एकूण आठ प्लग. इंजिन तेल प्यायचं, ते तेल जळून प्लगच्या टोकावर बसायचं, ठिणगी मंदावायची. चौकात त्यानं पोटरी दुखते. पाण्यावर पाचशे मीटर उंचीवर इंजिनाचा आवाज नुसता बदलला तरी काय होत असेल याची कल्पना करावी. त्या विमानांत रेडिओ नव्हता. कॉकपिट उघडं. समोर होकायंत्र आणि मांडीवर नकाशा. बाकी पंख लाकडाचे, वर कापड ताणून रंगवलेलं, आणि गॅरेजात मावावेत म्हणून मागे दुमडता येणारे. असं विमान भारतात आणायची सोपी आणि शहाणपणाची रीत म्हणजे खोक्यात भरून बोटीनं मागवणं. बरीच विमानं तशीच आली.

मग ही पोरं उडत का निघाली? बक्षीस होतं, वय होतं, आणि एक वाट नुकतीच तयार झाली होती. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजची लंडन–कराची टपालसेवा सुरू झाली. तिच्यासाठी इराणच्या किनाऱ्यालगत उतरायच्या जागा तयार झाल्या: जास्क, लिंगेह, बुशायर, आणि पुढे इराकमध्ये बसरा. तिथे पेट्रोल मिळायचं, हवेची खबर मिळायची, रात्र काढायला छप्पर मिळायचं. मोठ्या विमानांसाठी मांडलेल्या या खुंट्यांना धरून लहान विमानं जाऊ लागली. नकाशावर पाहिलं तर समुद्र ओलांडण्याचा त्यांचा सगळा प्रयत्न समुद्र टाळण्याचा दिसतो. किनारा सोडायचा नाही, सोडावाच लागला तर पाण्याचा अरुंदात अरुंद पट्टा निवडायचा, आणि इंजिन बंद पडल्यास तरंगत कुठल्या वाळूवर पोचू याचा हिशेब मनात चालू ठेवायचा. एक इंजिन असलेल्या विमानाचं समुद्रावरचं सगळं शास्त्र या हिशेबात आहे. पुढच्या शतकभरात उपकरणं आली, पण हिशेब तोच राहिला.

स्पर्धेत तिसराही एक होता, रावळपिंडीचा मनमोहन सिंग. त्याच्या जिप्सी मॉथचं नाव ‘मिस इंडिया’. धुकं, चुकलेली वाट, परत फिरणं असं त्याचं चाललं होतं. विमानविषयक एका इंग्रजी साप्ताहिकाच्या संपादकानं त्यावर कोटी केली: विमानाचं नाव ‘मिस इंडिया’ आहे, आणि इंडिया तो ‘मिस’ करणारच. मनमोहन सिंग अखेर कराचीला पोचला, पण महिन्याची मुदत उलटून गेली होती. पोचला, पण बक्षीस नाही. मला त्या तिघांत हाच जास्त जवळचा वाटतो. चुकत चुकत आलेल्या माणसाला वाट जास्त माहीत असते.

बक्षीस अस्पीला मिळालं. ११ मे १९३० रोजी तो कराचीत उतरला. जेआरडी थोडक्यात मागे राहिले. उसन्या प्लगांवर जिंकलेला हा मुलगा क्रॅनवेलच्या हवाई दलाच्या महाविद्यालयात गेला, आणि १९६० ते १९६४ या काळात भारताचा हवाई दलप्रमुख होता. स्वतः जेआरडींकडे एक वेगळाच कागद आधीपासून होता: १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत मिळालेला वैमानिकाचा परवाना, क्रमांक १. तो त्यांनी जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात शिकून मिळवला होता.

जुहू म्हणजे तेव्हा समुद्राकाठची सपाट चिखलट जमीन. पावसाळ्यात तिथे पाणी साचायचं आणि विमानांना पुण्याला बस्तान हलवावं लागायचं. या मैदानावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी दुपारी पुस मॉथ जातीचं एक विमान उतरलं. पहाटे कराचीच्या द्रिघ रोडवरून निघालेलं, वाटेत अहमदाबादला थांबलेलं. तिथलं पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीवर आलं होतं. चालक जेआरडीच. सामान ५५ पौंड टपाल. जुहूहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला तेच टपाल नेलं नेव्हिल विन्सेंट यांनी. हे ब्रिटिश हवाई दलातले माजी वैमानिक. टाटांच्या या टपालसेवेची कल्पना मुळात त्यांचीच. तिच्यासाठी दोराबजी टाटांनी काहीशा नाखुशीनंच दोन लाख रुपये मंजूर केले होते. पहिल्या वर्षात विमानं १,६०,००० मैल उडाली, १५५ प्रवासी गेले आणि कंपनीला ६०,००० रुपये नफा झाला.

आमच्या गावाचा या सगळ्याशी संबंध किती? तेव्हाचं औरंगाबाद निजामाच्या राज्यात. त्या राज्याचं टपालखातं निराळं, तिकिटं निराळी. लंडनहून कोणी विमानाचं जादा भाडं भरून इथे पत्र पाठवलंच असेल, तर ते कराचीला आकाशातून, मुंबईला आकाशातून, आणि मग रेल्वेनं मनमाडला येऊन तिथून मीटरगेजच्या गाडीत बसून आलं असणार. आठवड्याभरात हजारो मैल आलेलं पाकीट शेवटच्या टप्प्यात लासूर, पोटूळ अशा स्टेशनांवर थांबत थांबत येतंय, हे चित्र मला फार आवडतं. अजूनही आमच्याकडच्या माणसाला रेल्वेनं समुद्र पाहायला जायचं तर आधी मनमाडच गाठावं लागतं.

युद्ध आलं आणि विमानं समुद्रापार नेणं हा साहसी लोकांचा छंद राहिला नाही, तो कामधंदा झाला. अमेरिकेत बनलेली बॉम्बर विमानं ब्रिटनला हवी होती. बोटीनं पाठवली तर पाणबुड्या बुडवत होत्या. १० नोव्हेंबर १९४० च्या रात्री न्यूफाउंडलंडच्या गँडरहून सात हडसन विमानं निघाली. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक ओलांडता येत नाही असा जाणत्यांचा समज होता. पुढारी होते डॉन बेनेट. बाकीच्यांनी त्यांच्या मागे यायचं. ढगांत एकमेकांची साथ सुटली, तरी सकाळी सातही विमानं उत्तर आयर्लंडमध्ये उतरली. तिथून पुढे हजारो विमानं त्या वाटेनं गेली. ग्रीनलंडच्या खडकांत, आइसलंडच्या लाव्हावर धावपट्ट्या झाल्या. अमेरिकेतून युरोपात लहान विमान नेणारा चालक आजही टप्पे घेतो ते बहुतेक या युद्धकाळच्या पायऱ्यांवरूनच.

पण ज्यांच्यापासून आपण सुरुवात केली त्यांच्यातल्या दोघांना ही वर्षं मानवली नाहीत. मनमोहन सिंग ब्रिटनमध्ये जाऊन तिथल्या हवाई दलाच्या कोस्टल कमांडची सागरी विमानं चालवू लागला. अटलांटिकवर गस्त घातली, मग पूर्वेकडे बदली झाली. ३ मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम बंदरावर जपानी विमानांनी हल्ला केला, त्यात तो गेला. त्याच वर्षी विन्सेंट पुण्यात विमानं बनवण्याच्या योजनेसाठी इंग्लंडला निघाले. बोटींचा तांडा हळू जातो, म्हणून त्यांनी एका हडसन बॉम्बरमध्ये प्रवासी म्हणून जागा मिळवली. ते विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ पाडलं गेलं. दहा वर्षं टपाल वेळेवर पोचवलेला माणूस वेळ वाचवायला गेला आणि पोचला नाही.

युद्धानंतर अमेरिकेत लहान विमानांचे कारखाने जोरात चालले आणि गिऱ्हाईक जगभर पसरलं. पंख सोडवून खोक्यात भरा, बोटीवर चढवा, उतरवून पुन्हा जोडा, या खटाटोपापेक्षा विमान उडवतच पोचवणं स्वस्त पडू लागलं. तेव्हापासून असे पोचवणारे चालक आहेत. मॅक्स कॉनरॅड हे त्यांतलं थोर नाव. १९५९ मध्ये त्यांनी एका इंजिनाचं पायपर कोमांची कॅसाब्लँकाहून थेट लॉस एंजेलिसला नेलं, ५८ तासांहून अधिक काळ एका बैठकीत.

हे काम कसं करतात? मागची आसनं काढून त्या जागी पेट्रोलच्या टाक्या बसवतात. विमान नेमून दिलेल्या वजनापेक्षा जड होतं, त्याची खास परवानगी काढावी लागते. जड विमान उडताना लांब धावतं आणि सुरुवातीला नीट चढतही नाही. चालक थंड पाण्यात टिकेल असा रबरी पोशाख अंगात घालतो. उत्तर अटलांटिकच्या पाण्यात त्याशिवाय पडलेल्या माणसाची बोटं काही मिनिटांत कामातून जातात, मग हवा भरलेला तराफा शेजारी असून उपयोग नसतो. ढगात शिरलं तर पंखांवर बर्फ धरतो. बर्फाचं वजन वाढतं ते वेगळंच, मुळात पंखाचा आकार बिघडतो आणि विमान तोलत नाही. जुन्या इंजिनांत तर कार्बोरेटरच्या नरड्यातही बर्फ साचतो.

आणि मग वारा. समजा, मध्ये १००० किलोमीटर पाणी आहे, विमानाचा वेग ताशी १८० किलोमीटर, समोरून ४० चा वारा. जाताना वेग उरतो १४०; परत फिरलं तर होतो २२०. अंतराचा मध्य ५०० वर आहे, पण वेळेचा मध्य आहे ६११ किलोमीटरवर. ५५० वर इंजिन खोकलं तर अर्ध्याहून जास्त वाट मागे पडली असूनही परत फिरणं जवळचं. ६५० वर खोकलं तर मागचं विसरायचं आणि पुढचा किनारा धरायचा. हा आकडा निघण्याआधी कागदावर लिहून ठेवावा लागतो, कारण इंजिन खोकल्यावर गणित सुचत नाही. वारा बदलला की आकडाही बदलतो.

मे २०१९ मध्ये हे गणित स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, विक नावाच्या गावी, मुंबईची एक तेवीस वर्षांची मुलगी करत होती. आरोही पंडित. तीही बॉम्बे फ्लाइंग क्लबातच शिकलेली. तिचं विमान स्लोव्हेनियात बनलेलं सायनस, नाव ‘माही’. एक इंजिन, ८० अश्वशक्ती, म्हणजे जिप्सी मॉथपेक्षाही कमी. वजन ५०० किलोंच्या आत. मात्र पंख लांब, जवळजवळ १५ मीटर, ग्लायडरसारखे. इंजिन थांबलं तर एक किलोमीटर उंचीवरून पंचवीसेक किलोमीटर तरंगत जाईल असे. जुन्या हिशेबातली वाळू त्यामुळे जराशी जवळ येते.

३० जुलै २०१८ रोजी पतियाळाहून निघताना ‘माही’मध्ये दोघी होत्या, आरोही आणि कीथएअर मिस्किटा. ब्रिटनपर्यंत दोघी आल्या. मग हिवाळा आडवा आला. वसंत ऋतूपर्यंत थांबावं लागलं, आणि पुन्हा निघायची वेळ आली तेव्हा दुसरं आसन रिकामं करावं लागलं. तराफा, प्राणवायू, समुद्रावर लागणारं सामान आत गेलं की त्या चिमुकल्या केबिनमध्ये एकाच माणसाची जागा उरत होती. अबुकीरला एक जाकीट एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर गेलं होतं. इथे जीव वाचवायच्या वस्तूंसाठी एक मैत्रीणच जमिनीवर राहिली. बातम्यांत हे एका ओळीत येऊन गेलं. माझ्या मते त्या साऱ्या प्रवासातली अवघड गोष्ट ही होती, आणि ती जमिनीवर घडली.

पुढची वाट युद्धकाळच्या पायऱ्यांची: आइसलंडमध्ये हॉफ्न आणि रेकयाविक, मग ग्रीनलंडचा पूर्व किनारा, कुलुसुक, बर्फाचं पठार ओलांडून पश्चिमेला नूक, आणि शेवटी कॅनडातलं इकालुइत. सुमारे ३००० किलोमीटर. १३ मे २०१९ च्या मध्यरात्री ती तिथे उतरली. हलक्या खेळविमानातून एकटीनं अटलांटिक ओलांडणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव लागलं. अमेलिया एअरहार्टनं एकटीनं अटलांटिक पार केला होता मे १९३२ मध्ये. जुहूला ते पुस मॉथ उतरण्याच्या पाच महिने आधी. ऑगस्टमध्ये आरोहीनं अलास्काच्या उनालाक्लीटहून बेरिंग समुद्र ओलांडून रशियातलं अनादिर गाठलं. पाण्याच्या त्या पट्ट्यात तारखेची रेषा आहे, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशी पोचली.

जेआरडींनी १९६२ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये आपलं १९३२ चं पहिलं टपाल-उड्डाण लेपर्ड मॉथमधून पुन्हा करून दाखवलं होतं. दुसऱ्या खेपेला ते ७८ वर्षांचे होते आणि दोन्ही वेळा कराचीहूनच निघाले होते. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी तीच वाट आरोहीनं धरायची ठरवली तेव्हा कराचीचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. म्हणून आरंभ कच्छमधल्या भूजहून. १९७१ च्या डिसेंबरमध्ये पाकिस्तानी बॉम्बनी फुटलेली तिथली धावपट्टी शेजारच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बायकांनी ७२ तासांत पुन्हा उभी केली होती, शेणानं ती झाकत आणि स्वतः हिरव्या साड्या नेसून. त्याच भूजच्या विमानतळावरून माही निघाली.

जीपीएस बंद. स्वयंचालक बंद. उंची सात हजार फुटांच्या आत, म्हणजे नद्या, रेल्वेचे रूळ आणि किनाऱ्याची रेघ डोळ्यांनी ओळखता येईल एवढी. वाटेत अहमदाबाद, मग खंबातच्या आखाताची कड धरून दक्षिणेकडे. डाव्या हाताला गुजरातची शेतं, उजव्या हाताला समुद्र. जुहूच्या त्या मैदानाभोवती आता इमारतींचं जंगल आहे आणि वरून ते पटकन सापडत नाही. तिला ते किनाऱ्यावरून मोजत मोजत शोधावं लागलं असणार, नकाशा मांडीवर ठेवून.